तिचा आठ आणि माझा चार



गणिताचा एक पेपर मी चुकीचा तपासला, त्याची ही गोष्ट. मध्ये थोडा संगणक येणार आहे, म्हणजे डीबगर नावाचं एक साधन. घाबरू नका. मीही तुमच्यासारखी डी.एड.वालीच आहे, संगणकात माझी मजल ऑनलाइन माहिती भरण्यापुरती. पण ते डीबगरचं प्रकरण मला कळलं नसतं तर तो पेपर आजही चुकीचाच राहिला असता, म्हणून सगळं सांगते.

रोहिणखेडला माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. जूनमध्ये एक मुलगी नवीन आली. वडील पुण्याकडे कंपनीत कामाला होते, ते काम सुटलं आणि घर परत गावाकडे आलं. पोरगी तिसरीपर्यंत तिकडे इंग्रजी माध्यमात होती. बोलायला चुणचुणीत, वाचन सावकाश पण नीट. गणितात मात्र मला तिचा थांग लागेना. दहापैकी कधी चार बरोबर, कधी सात, कधी तीन. सोपं चुकायचं आणि अवघड बरोबर यायचं. वहीत मी शेरा दिला होता, 'लक्ष देऊन सोडव'. पहिल्या सत्राच्या पेपरात बेरीज-वजाबाकीच्या दहा उदाहरणांत तिला चार मिळाले. पालकसभेत वडिलांना मी सांगितलं की ही अंदाजे उत्तरं लिहिते, घरी थोडं बसवत जा.

ते म्हणाले, "मॅडम, आमाले कुठं येते शिकवता. नसन जमत तं राहू द्या, घरी लहान्याले पाह्यते."

मी तेव्हा काहीतरी समजुतीचं बोलले आणि पुढच्या पालकांकडे वळले. दिवाळीच्या आधीचे शेवटचे चार दिवस ती शाळेत आलीच नाही.

भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ आला. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सणाच्या दिवशीही त्याचा लॅपटॉप उघडा होता आणि शेजारी माझा पेपरांचा गठ्ठा. मी वर्णनात्मक नोंदी लिहीत बसले होते. त्याने सहज तिचा पेपर उचलला आणि म्हणाला, "ताई, ही बरोबर आहेत की. तू लाल का केलीस?"

मी म्हटलं, नीट बघ. दोनशे चोपन्न अधिक एकशे पंचाण्णव, तिने लिहिलंय चारशे एक्केचाळीस.

"चारशे एकोणपन्नास लिहिलंय."

मी पेपर ओढून घेतला. ४४, आणि पुढे एक गोल डोकं, खाली वळलेलं शेपूट. माझ्या डोळ्यांना तो आपला एक होता. त्याच्या डोळ्यांना तो इंग्रजी नऊ होता. दिवसभर इंग्रजी अंकच बघणारा माणूस तो, त्याला दुसरं काही दिसलंच नाही. मग मी पुढचं उदाहरण बघितलं. ३१६ अधिक १६२, उत्तर ४७८. मी वाचलं होतं ४७४, कारण तिच्या इंग्रजी आठचं डोकं वर नीट मिटलेलं नव्हतं. असा आठ म्हणजे हुबेहूब आपला चार. ५२३ वजा १३५ याचं उत्तर ३८८ येतं, मी ते ३४४ वाचून त्यावर मोठी फुली मारली होती. ४०२ अधिक १३४ बरोबर दिलं होतं, कारण ५३६ मध्ये ना आठ ना नऊ.

आम्ही दोघांनी सगळी दहा उदाहरणं परत तपासली. चुकीच्या सहांपैकी पाचांच्या उत्तरात आठ किंवा नऊ होता. सहावं खरंच चुकलं होतं, २६७ अधिक १४८ मध्ये शतकाचा हातचा विसरली होती. म्हणजे दहापैकी नऊ. पहिले सात अंक ती आपले लिहायला शिकली होती. छापलेला आठ-नऊ ती ओळखायची, पण लिहिताना हात जुन्या वळणाने जायचा. पाच महिने वर्गात हे चाललं होतं आणि मला एकदाही शंका आली नाही.

भाऊ हसला नाही, हे त्याचं बरं. उलट म्हणाला, "माझंही सकाळपासून हेच चाललंय." आणि त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

आता डीबगर. प्रोग्राम चालता चालता बंद पडला की तो कुठे पडला हे बघायचं साधन म्हणजे डीबगर. त्यातला एक प्रसिद्ध डीबगर म्हणजे जीडीबी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला आणि आजही रोजच्या वापरात असलेला. गंमत अशी की चालू प्रोग्राममध्ये नावं नसतातच. माणसाने कोड लिहिताना प्रत्येक कामाला, म्हणजे फंक्शनला, नाव दिलेलं असतं. यंत्रापर्यंत पोचेपर्यंत त्याचे नुसते क्रमांक होतात, मेमरीतले पत्ते. प्रोग्राम अमुक क्रमांकाच्या पत्त्यावर थांबला, एवढंच यंत्राला ठाऊक. त्या क्रमांकाचं नाव शोधायला डीबगरकडे एक तक्ता असतो. या पत्त्यापासून या पत्त्यापर्यंत अमुक फंक्शन, तिथून पुढे तमुक. याला सिम्बॉलचा तक्ता म्हणतात.

हे आपल्याला हजेरीपटावरून लगेच कळेल. समजा पट आडनावाच्या क्रमाने लावलाय आणि मधेच एक नवीन मूल दाखल झालं, तर त्याच्या खालच्या सगळ्यांचे क्रमांक एकाने सरकतात. आता कुणी म्हटलं, सतरा नंबरने खिडकी फोडली, आणि तुमच्या हातात जुना पट असला, तर तुम्ही भलत्याच पोराला उभं कराल. आणि जुना पट 'मला माहीत नाही' असं कधी म्हणणार नाही. सतराच्या पुढे एक नाव आहेच, ते तो ठामपणे देणार. डीबगरचंही तसंच. कोडमध्ये वर दोन ओळी वाढल्या की खालचे पत्ते सरकतात. नवीन प्रोग्रामला जुना तक्ता लावला तर डीबगर न अडखळता चुकीची नावं दाखवत राहतो. भाऊ सकाळपासून एका निर्दोष फंक्शनमध्ये चूक शोधत होता, कारण त्याने आदल्या आठवड्याच्या बिल्डचा तक्ता लावला होता.

मी विचारलं, मग तक्ता चुकलाय हे ओळखायचं कसं? त्याने सांगितलं की हल्ली लिनक्सवर प्रोग्राम तयार होतानाच त्यात एक ओळखक्रमांक घालतात, बिल्ड-आयडी. तोच क्रमांक तक्त्यावरही असतो. दोन्ही जुळले तरच विश्वास ठेवायचा. आणि ते नसेल तर? "तर मग ज्या ठिकाणचं उत्तर आपल्याला पक्कं माहीत आहे, तिथे तक्ता लावून बघायचा." हे वाक्य मी नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

दुसरी गोष्ट स्टॅकची. ही मला जरा उशिरा कळली, पण वर्गात जास्त उपयोगी पडली ती हीच. समजा मी परिसर अभ्यासाचं पान शिकवतेय. मुख्याध्यापकांनी बोलावलं, मी पुस्तकात खूण घालून गेले. ऑफिसात माहिती भरताना केंद्रावरून फोन आला, तर मी अर्ध्या भरलेल्या रकान्यावर पेन ठेवून फोन घेतला. फोन संपला की रकान्याकडे यायचं, रकाना संपला की पुस्तकाकडे. शेवटचं काम आधी संपतं. प्रोग्राममध्येही एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं, ते तिसऱ्याला, आणि दर वेळी एक चिठ्ठी मागे राहते. काम झाल्यावर कुठे परतायचं ते तिच्यावर असतं, आणि बरेचदा अर्धवट कामातल्या संख्याही. चिठ्ठीवर चिठ्ठी अशी रचलेली असते, तो स्टॅक. एकेक चिठ्ठी म्हणजे फ्रेम. प्रोग्राम पडला की डीबगर वरून एकेक चिठ्ठी उचलून सांगतो की याला त्याने बोलावलं होतं, त्याला आणखी कुणी.

फक्त एक चिठ्ठी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे कळायला हवं. पूर्वी प्रत्येक चिठ्ठीत मागच्या चिठ्ठीचा ठावठिकाणा लिहायची पद्धत होती. पुढे वेग वाढवण्यासाठी कंपायलर तो लिहायचं टाळू लागले आणि त्याऐवजी बाजूला एक वेगळा आलेख देऊ लागले, की अमुक ओळीवर असताना मागची चिठ्ठी इतकी खाली सापडेल. हा आलेख जिथे नसतो, विशेषतः माणसाने हाताने लिहिलेल्या असेंब्ली कोडमध्ये, तिथे डीबगरला अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला की साखळी मधेच तुटते, नाहीतर कधी न बोलावलेल्या फंक्शनची नावं यादीत दिसतात.

यात पुण्याचा मोठा वाटा आहे, हे भावाने मुद्दाम सांगितलं. गावची माणसं कुठे कुठे काय करतात ते आपल्याला कळत नाही, म्हणून इथे लिहिते. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो तपासण्यासाठी केजीडीबी नावाचा डीबगर आहे. कर्नल थांबला तर अख्खं यंत्रच थांबतं, म्हणून इथे दोन संगणक लागतात. एक तपासला जाणारा, दुसरा त्याला सीरियल केबलने जोडून त्याच्याकडे बघणारा. २००० ते २००४ या काळात लिनक्सच्या केजीडीबीची देखभाल अमित काळे यांनी केली. पुढची दोन वर्षं ते काम पुण्याच्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीकडे होतं. नंतर विंड रिव्हर या कंपनीतले जेसन वेसल यांनी ते हाती घेतलं, आणि जुलै २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबीचं आटोपशीर रूप अधिकृत कर्नलमध्ये आलं. आजही कर्नलच्या त्या फाइलच्या डोक्यावर अमित काळे आणि लिनसिससॉफ्ट ही नावं छापलेली आहेत. भावाने मला ती काढून दाखवली.

कर्नलमध्ये तक्त्याची अडचण आणखी वाढते. कर्नलचे काही भाग, म्हणजे मॉड्यूल, यंत्र चालू असतानाच आत येतात, आणि ते मेमरीत कुठे बसतील हे आधी ठरलेलं नसतं. मुलाचं नाव, जन्मतारीख सगळं दाखल्यावर आहे, पण तो वर्गात कुठल्या बाकावर बसला ते माहीत नाही, तसं. डीबगरला तो बाक हाताने सांगावा लागायचा, आणि तिथे चूक झाली की पुढची सगळी नावं चुकायची. म्हणून केजीडीबीवाल्यांनी जीडीबीचीही एक सुधारित आवृत्ती दिली होती, तिला मॉड्यूल आल्याचं आपोआप कळायचं. म्हणजे बघा, कर्नलमधली एकही चूक यात दुरुस्त होत नाही. दुरुस्त होतं ते चूक वाचायचं साधन. त्यासाठी ही माणसं वर्षानुवर्षं खपली.

लिनक्स लिहिणारे लिनस टॉरव्हाल्ड्स यांना मात्र कर्नलमध्ये डीबगर नकोच होता. त्यांनी २००० साली तसं उघड लिहिलं होतं. कोड नीट वाचून, विचार करून चूक शोधावी, नाहीतर माणूस वरवरची मलमपट्टी करतो, असा त्यांचा एकूण सूर. मला त्यांचं अर्धं पटतं. साधन हाताशी आलं की आपण विचार सोडतो, हे चाचण्यांच्या तक्त्यांबाबत आपल्या शाळांत रोज दिसतं. पण अर्धं पटत नाही. मीही तो पेपर नीट विचार करूनच तपासला होता. विचार बरोबर होता, वाचनच चुकीचं होतं.

दिवाळीनंतर शाळा उघडली तरी ती आली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. ओसरीत ती धाकट्याला घेऊन बसली होती. वडील शेतातून यायचे होते, तोवर मी तिच्या आईला पेपर दाखवला. आईला अंक वाचता येतात, ती म्हणाली, "हे तं मोबाइलातलं नऊ हाय." एका शब्दात. माझ्या पाच महिन्यांवर एक शब्द. वडील आल्यावर मी सांगितलं की चूक माझी होती, पोरीला दहापैकी नऊ आहेत. ते बराच वेळ पेपराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मंग त्या दिवशी काहून तसं म्हनलं तुमी?" याला मी काय उत्तर देणार? म्हटलं, मला वाचता आलं नाही.

ती मान खाली घालून ऐकत होती. काही बोलली नाही.

ती शाळेत येऊ लागली. वर्गात मी भिंतीवर दोन ओळींत अंक लावले, वर आपले, खाली इंग्रजी, आणि जे एकमेकांसारखे दिसतात त्यांना सगळ्यांकडून रंग द्यायला लावले. पोरांनीच उदाहरणं आणली. कालनिर्णयावर आपले अंक, मोबाइलवर इंग्रजी. कुणी म्हणालं, आज्जी मोबाइलचा नंबर वहीत आपल्या अंकांत उतरवते. आता माझ्या वर्गात नवीन मूल आलं की मी आधी त्याच्याकडून शून्य ते नऊ लिहून घेते आणि तो कागद त्याच्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवते. हा माझा बिल्ड-आयडी. दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्याकडे स्थलांतरित मुलं असतील, किंवा सेमीतून आलेली असतील, तर नक्की करून बघा.

तिचं सगळं तिथेच सुटलं असतं तर बरं. पण शाब्दिक उदाहरणांत ती अडकतच होती. 'एका पोत्यात ४५ किलो मका, अशी ६ पोती. त्यातला १२५ किलो विकला, तर किती उरला?' तिचं उत्तर २७०. या वेळी मी लाल पेन बाजूला ठेवला आणि म्हटलं, कसं केलंस ते मला बोलून दाखव. तिने पंचेचाळीस सक नीट केलं, हातचे तीन नीट धरले, २७० लिहिलं आणि थांबली. मी विचारलं, हे कशासाठी काढलं होतं गं? तिने माझ्याकडे पाहिलं. विसरली होती. गुणाकार तिला येत होता, वजाबाकीही येत होती. आत शिरून काम पुरं केल्यावर परत कुठे यायचं, ती चिठ्ठीच तिच्याकडे नव्हती. अशा मुलांच्या नोंदीत आपण 'शाब्दिक उदाहरणे समजत नाहीत' असं लिहून मोकळे होतो. मी तरी लिहीत आले.

मग आम्ही खरोखरच्या चिठ्ठ्या केल्या. उदाहरण वाचलं की पहिल्या चिठ्ठीवर 'किती उरला?' एवढंच लिहून बाकावर ठेवायचं. त्यासाठी आधी एकूण हवं, म्हणून दुसरी चिठ्ठी, 'एकूण किती?', पहिलीच्या वर. गुणाकार झाला की उत्तर वरच्या चिठ्ठीवर लिहून ती उचलायची. खाली 'किती उरला?' दिसतंच. २७० वजा १२५, म्हणजे १४५. काही पोरांनी चिठ्ठ्यांची विमानं केली, पहिल्या दिवशी वर्गात नुसता गोंधळ झाला. हुशार पोरांना ते कंटाळवाणं वाटतं, त्यांना मी सोडून दिलं. पण वर्गातल्या सात-आठ मुलांना याचा खरा उपयोग झाला. आता त्यातली बरीचशी समासात बारीक अक्षरात प्रश्न लिहून ठेवतात आणि चिठ्ठी मागत नाहीत. एकाचं मात्र अजून होत नाही. तो तिसरी चिठ्ठी ठेवली की गडबडतो. त्याच्याबरोबर मी अजून दोनच पायऱ्यांवर आहे.

ती मुलगी आता आठ आपलाच लिहिते. कधी घाईत इंग्रजी उमटला तर स्वतःच खोडते आणि एकदा वर माझ्याकडे बघते, मी पाहिलं का म्हणून. मी तिला सांगितलंय की इंग्रजी लिहिलास तरी चालेल, मला वाचता येतो. तरी खोडते.

एक राहिलंच. हे सगळं झाल्यावर मला आधीच्या वर्षांतली तीन-चार मुलं आठवली. बाहेरगावाहून आलेली, अशीच कधी बरोबर कधी चूक. त्यांच्या वह्या काढून बघाव्यात म्हणून मी कपाट उघडलं. त्या उन्हाळ्यातच रद्दीत गेल्या होत्या. नोंदवहीत माझे शेरे तेवढे आहेत.